कंटेनरची ओटी

फोटोत एक नारळ होता. उभा तडकलेला, काळपट, शेंडीला बुरशी आलेली. त्याच्याखाली आमच्याच कारखान्याचा निळ्या पट्टीचा पांढरा टॉवेल आणि टॉवेलवर हळदीने पिवळे केलेले तांदूळ. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं की काही दाण्यांना पाय आहेत.

फोटोखाली एकच ओळ होती: हे काय आहे ते कृपया कळवावे.

पत्र लिहिणाऱ्या बाई आमच्या उत्तर युरोपातल्या गिऱ्हाईक. नऊ वर्षं आमचा पत्रव्यवहार होता आणि या नऊ वर्षांत त्यांनी गरजेपेक्षा जास्त शब्द कधी वापरला नव्हता, म्हणून मला त्या आवडत. सकाळचे अकरा वाजले होते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या ऑफिसात उन्हाळा भरला होता, आणि मी फोटो पुन्हा लहान केला. कारण ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या टॉवेलची गाठ मी मारली होती.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या घरी बसून राहिलेली पुस्तकं वाचायची असा बेत होता. तो तीन महिने टिकला. मग एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. घरचा तेलुगू, पिढीजात विणकर. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर, आणि हा आता परदेशात टॉवेल पाठवणारा कारखानदार. इंग्रजीत तो दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा माझ्याच हातून. पेढ्यांचा पुडा पुढे सरकवत म्हणाला, "सर, नापास तुमीच केलं, आता परदेशाची पत्रं पण तुमीच लिवा." यात न्याय होता. मी गेलो.

काम सोपं होतं. परदेशाच्या व्यापारात भाषेची तीन चतुर्थांश जागा दिलगिरीला लागते आणि उरलेली प्रतिज्ञापत्रांना. प्रत्येक कंटेनरसोबत एक कागद जातो. त्यात लिहिलेलं असतं की या डब्यात माती नाही, भुसा नाही, धान्य नाही, फळ नाही, झाडाचा कुठलाही भाग नाही. खाली अधिकृत व्यक्तीची सही. अधिकृत व्यक्ती मी. तो कागद मी पहिल्या वेळी नीट वाचला होता. नंतर नऊ वर्षं फक्त सही केली. पोरांनी प्रश्न न वाचता उत्तरं लिहिली की मी त्यांना फैलावर घ्यायचो, हे इथे नोंदवून ठेवतो.

पॅकिंगवर अक्का. तिला सगळे अक्काच म्हणत, मालकसुद्धा. मालकाच्या वडिलांच्या काळापासून ती तिथे होती. मागावरून आलेला प्रत्येक टॉवेल तिच्या समोरच्या टेबलावर पसरला जायचा, बोटभर कातरीने सुटलेले धागे छाटले जायचे, आणि डाग किंवा तुटका धागा दिसला की टॉवेल बाजूला. मालक लहान असताना शाळा सुटल्यावर टॉवेलच्या ढिगात झोपायचा आणि अक्का त्याला उठवून स्वतःच्या डब्यातलं खायला घालायची, हे मालकानेच मला सांगितलं होतं. कंटेनर भरून झाला की शेवटची नजर तिची. ती दारात उभी राहून आत बघायची, "हं" म्हणायची, आणि मगच दार लागायचं.

मग तिकडे लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले.

सोलापुरात समुद्र नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. अशा गावातल्या माणसांनी एका अरबी सामुद्रधुनीचं नाव पाठ करावं हा मला पहिला धक्का होता. बाब-एल-मांदेब. तिथून जहाजं जाईनात. सगळी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. त्या नावाचा अर्थ अश्रूंचं दार असा सांगतात, हे मी मालकाला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, हे पत्रात घालू नका."

आधी वाटलं, पंधरा दिवसांत मिटेल. मग महिन्यात मिटेल. वळशामुळे जहाजं वेळेवर परत येईनात, म्हणून रिकामे कंटेनर मिळेनात. मिळाले तर जहाजावर जागा नसे. जागा मिळाली तर जहाज आपल्या बंदराला न थांबताच पुढे जाई. मुंबईचा शिपिंग एजंट फोनवर शांतपणे सांगायचा, "सर, तुमचा माल रोल झाला." म्हणजे या जहाजावरून काढून पुढच्यावर ढकलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा रोल. हा माणूस इतक्या गोड आवाजात वाईट बातमी द्यायचा की त्याला हॉस्पिटलात नेमायला हवं होतं.

इकडे खोकी गोदामातून ऑफिसच्या जिन्यापर्यंत आली. मी माझ्या खुर्चीपर्यंत तिरका होऊन जायचो. मालकाने रात्रपाळी बंद केली. पहिल्या दिवशी काही माणसांना निरोप पोचलाच नव्हता. ती सायकलींवर आली, फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली आणि डबे न उघडता परत गेली. फाटकावरच्या वॉचमनने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना त्याला रडू येत होतं.

जवळजवळ सगळा कारखाना त्या एका बाईंच्या ऑर्डरीवर चाले. त्यांच्या गावात सार्वजनिक गरम पाण्याचं एक जुनं स्नानगृह आहे, त्याची दुरुस्ती चालली होती, आणि ते पुन्हा उघडेल त्या दिवशी आमचे टॉवेल तिथे हवे होते. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, उद्घाटनाआधी. त्या दुसरीकडे वळल्या तर बंद झालेली पाळी परत सुरू होणार नव्हती आणि चालू होती तीही राहणार नव्हती. हे मालकाला कळत होतं, मागावरच्या माणसांना कळत होतं, आणि अक्काला सगळ्यात आधी कळलं होतं, कारण तिच्या टेबलावरचा ढीग रोज कमी होत होता.

अखेर एक रिकामा कंटेनर आला. मालकाला एवढा आनंद झाला की त्याने सोहळा ठरवला.

मला सोहळ्यांचं वावडं आहे. निरोप समारंभात मी माझ्याच सत्काराच्या वेळी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. पण हा सोहळा पाहून मी थक्क झालो. फाटकावर बॅनर: निर्यात कंटेनर प्रस्थान सोहळा. मागे जहाजाचं चित्र, ते प्रवासी जहाजाचं, वर पोहण्याचा तलाव असलेलं. पुढे प्रमुख पाहुण्यांचा चेहरा, जहाजापेक्षा मोठा. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि वेळेच्या महत्त्वावर बोलले. टॉवेल आखातात चाललेत अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे त्यांनी वाळवंटातल्या बांधवांना शुभेच्छा दिल्या. कुणी दुरुस्त केलं नाही. नारळ त्यांच्या हातून तीनदा आपटूनही फुटला नाही. चौथ्यांदा ट्रेलरच्या ड्रायव्हरने खाली उतरून पान्याने फोडला. मग हिरवा झेंडा. कंटेनर दहा फूट पुढे गेला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर कंटेनर दहा फूट मागे आला. निम्मा माल अजून भरायचा होता.

दुपारी भरून झाला. मालक पाहुण्यांसोबत जेवायला गेला होता. एजंटचा माणूस सील घेऊन सावलीत बसला होता. अक्का माझ्याकडे आली. तिच्या हातात नवा टॉवेल, त्यात काहीतरी बांधायचं होतं.

"सर, एक काम हाय. मालकाला सांगू नका."

टॉवेलात सोललेला शेंडीचा नारळ होता, हळद लावलेले पसाभर तांदूळ, सुपारी, कुंकवाची पुडी. मी विचारलं, हे कशाला. नारळ तर फोडला की सकाळी.

"फोडून पाठवायचं ते जवळच्याला," ती म्हणाली. "ही लई लांब जायलीय. वाटेत माणसं बाण मारायलेत म्हणं. लांब जाणाऱ्या पोरीला रिकामी धाडत्यात का, सर? ओटी भरून धाडत्यात."

अक्काही घरची तेलुगूच; त्यांच्याकडे याला ओडी बिय्यम म्हणतात. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ. आम्ही मराठी घरांतही तेच करतो. माझ्या बहिणींच्या ओट्या भरताना मी लहानपणी पाहिल्या होत्या, आणि मोठेपणी या विषयावर घरात वादही घातले होते. कंटेनरमध्ये मालाशिवाय काही ठेवायचं नाही, अशी मालकाची सक्त ताकीद होती. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी विनोद केला.

"अक्का, नारळाने क्षेपणास्त्र अडत नाही."

"मग तुमच्या सहीनं अडतंय का?"

मी टॉवेलची टोकं हातात घेतली.  त्या दिवशीचा बॅनर, झेंडा, भाषण या सगळ्यानंतर हे एकच कृत्य मला शहाणपणाचं वाटलं. त्यात कुणाचा फोटो नव्हता. तिची बोटं वर्षानुवर्षं कातर धरून वाकडी झालेली, तिला गाठ आवळता येईना. मी आवळली. शेवटच्या, दाराजवळच्या रांगेतल्या वरच्या खोक्यामागे तिचा हात पोचेना. माझा पोचला. अक्काने दारातून आत पाहिलं, "हं" म्हणाली, दार लागलं, सील बसलं. मग मी ऑफिसात येऊन धान्य नाही, फळ नाही, झाडाचा कुठलाही भाग नाही, या कागदावर सही केली.  या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पूर्वी जहाज महिन्याच्या आत पोचायचं. तेवढ्यात नारळाला काही झालं नसतं आणि तांदळालाही नाही.

कॉम्प्युटरवर जहाज कुठे आहे ते दिसायचं. निळ्या पाण्यात एक छोटा बाण. एरवी तो डावीकडे अरबस्तानाच्या दिशेने जायचा. आता तो खाली चालला. रोज खाली. मागावरची माणसं चहाच्या सुट्टीत येऊन माझ्या खांद्यामागे उभी राहायची आणि विचारायची, आज कुटं हाय. आफ्रिका एवढी लांब आहे हे मी नकाशात शंभरदा पाहिलं होतं. कळलं तेव्हा. आमच्यातल्या एकाने शेवटी विचारलं, "सर, हे जमीन संपत न्हाय का?" मी म्हणालो, संपते. संपली तेव्हा आम्ही सगळे हसलो, आणि बाण तिथेच थांबला. पुढल्या बंदरात गर्दी होती. मग माल एका भलत्याच बंदरात उतरवला, तिथे तो उन्हात पडून राहिला, किती दिवस ते एजंटलाही सांगता येईना. मग दुसरं जहाज. तोवर उद्घाटनाची तारीख उलटून गेली.

मी क्षमापत्रं लिहिली. नम्र, मग अधिक नम्र, मग अशी की माझीच मला लाज वाटावी. बाईंचं उत्तर प्रत्येक वेळी एका इंग्रजी शब्दाचं: 'नोटेड', म्हणजे नोंद घेतली. आम्ही त्या शब्दाचा अर्थ लावत बसायचो. मालकाच्या मते तो राग होता. माझ्या मते निरोप. मालकाची पँट कमरेवर ढिली झाली. अक्का रोज सकाळी एकदा दारात येऊन फक्त भुवया वर करायची, मी बोटाने पडद्यावर जागा दाखवायचो, आणि ती परत टेबलाकडे जायची.

आणि मग तो फोटो आला.

दुपारी दुसरं पत्र आलं, सविस्तर. दार उघडताच आंबलेल्या खोबऱ्याचा वास आला. नारळ उष्णतेने तडकला होता, पाणी पुढच्या खोक्यांत मुरलं होतं. तांदळात सोंडे झाले होते आणि ते पुढच्या रांगांतल्या खोक्यांत शिरले होते. किडे सापडल्यामुळे सगळा कंटेनर बंदरातच धुरी देण्यासाठी अडकवला होता. मागच्या टॉवेलांनाही वास होता. टॉवेलचं कामच ते, जे जवळ येईल ते शोषून घ्यायचं. बाईंचे प्रश्न तीन होते. ही वस्तू काय आहे? ती आत कुणी ठेवली? त्या व्यक्तीबाबत आपण काय केलं? सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत होती आणि माझ्या सहीभोवती लाल वर्तुळ. नऊ वर्षांत ती सही इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिली नव्हती.

मालकाने फोटो पाहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अक्का," तो म्हणाला.

मी फोटो बंद केला.

"लिहा सर. ज्यानं ठेवलं त्याला कामावरनं काढलं."

मी विचारलं, नुसतं लिहायचं ना? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला की नाही, काढायचंही. पुढच्या वेळी बाई व्हिडिओवर भरणी बघणार, त्यांनी तसं कळवलं होतं. त्यात अक्का दिसली तर संपलं. "ती मला मावशी हाय, सर. पण मागावर एवढी माणसं हायत." त्याचा आवाज अगदी सपाट होता. ज्या पोराला तिने डब्यातला घास भरवला तो हे बोलत होता, आणि त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना.

 मला खरा धक्का बसला तो इथे, आणि तो माझ्याच वागण्याचा होता. तो सगळा दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मी गप्प राहिलो. उलट पत्र लिहिलं. चांगलं उतरलं. संबंधित व्यक्तीस सेवामुक्त करण्यात आले आहे, वगैरे. वाचणाऱ्याला वाटावं की कुठलातरी कोपऱ्यातला अनोळखी माणूस असेल. आयुष्यभर मी ढोंगावर टीका केली, मंत्र्यांच्या, मठांच्या, विद्यापीठांच्या. आणि हा मसुदा मी दोनदा वाचून एक स्वल्पविराम बदलला. मालकाने तो अजून पाठवायला सांगितलं नव्हतं. आधी अक्काशी बोलतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अक्का ऑफिसात आली. तिने कातर माझ्या टेबलावर ठेवली, शेजारी कपाटाची किल्ली.

"मालकानं इचारलं, कोण होतं संगं. मी म्हटलं, कोण न्हाय. एकटीच होते."

 मी कसंबसं विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं.

"तुमचं नाव सांगून काय उपेग, सर?" ती म्हणाली. "तुमी ओटी भरली म्हटलं तर कोण खरं धरणार हाय?"

ती हसत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. माझ्याबद्दलची जगाची समजूत तिने सांगितली आणि ती पदर खोचून बाहेर गेली. कातर तिथेच. कातरीच्या कड्या आतून गुळगुळीत झाल्या होत्या, फक्त तिचीच बोटं जातील अशा.

मी उठून मालकाच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. गाठ मी मारली. वर मी ठेवलं. सही तर माझी आहेच.

तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. मला वाटतं, सोंड्यांच्या फोटोनेही त्याला एवढं हादरवलं नव्हतं.

"सर, तुमी? कॉलेजात गणपतीची वर्गणी दिली न्हाय तुमी. आमी तुमाला नास्तिक सर म्हणायचो."

मी म्हणालो, ते मला माहीत होतं.

"मग कशाला केलं?"

मी सांगितलं की तुझ्या पाहुण्यांचं भाषण ऐकल्यावर मला काहीतरी खरं करावंसं वाटलं. हे उत्तर त्याला पटलं नाही, मलाही पुरतं पटलं नव्हतं. मी म्हणालो, अक्काला तो कागद वाचता येत नाही. मला येतो. डब्यात धान्य ठेवून, धान्य नाही असं लिहिलेल्या कागदावर सही करणारा मी आहे. कुणाला काढल्याचं लिहायचं असेल तर मला काढल्याचं लिही. तो पेन्सिलीने टेबलावर टकटक करत बसला. मग म्हणाला, "खरं लिहून बाई सोडून गेल्या तर?" मी म्हणालो, तर जातील. हे बोलताना मला फाटकावरच्या सायकली दिसत होत्या. मी मोठं धैर्य केलं असं नाही. मला भीती वाटत होती आणि मी तरीही तेच वाक्य पुन्हा म्हणालो.

जुना मसुदा फाडला. नवं पत्र नऊ वर्षांतलं सगळ्यात लांब झालं. ओटी म्हणजे काय हे सांगायला तीन प्रयत्न लागले. शेवटी साधं लिहिलं: आमच्याकडे मुलगी लांब जायला निघाली की तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घालतात, ती पोचावी म्हणून. यंदा वाट धोक्याची होती. आमच्या इथल्या एका बाईंना वाटलं की तुमच्याकडे निघालेला माल रिकाम्या पदराने जाऊ नये. त्यांना कागदावरचा नियम माहीत नव्हता. मला माहीत होता, गाठ मी मारली, सही माझी आहे. यापुढे मी सही करणार नाही.

अक्काला म्हटलं, कातर घेऊन जा, अजून काही ठरलं नाही. तिने कातर घेतली, किल्ली नाही घेतली.

तीन दिवस उत्तर नाही. मागांवर पुढचं सूत चढवायचं की नाही, कुणी विचारेना. अर्धे माग उभे होते, आणि एमआयडीसीत शांतता किती भयंकर असते ते मला त्या तीन दिवसांत समजलं. चौथ्या दिवशी पत्र आलं. मी मालकाला हाक मारली. त्याने अक्काला बोलावलं. मी वाचून मराठीत सांगायला लागलो.

पहिल्या परिच्छेदाशीच मी अडखळलो आणि तो पुन्हा वाचला. स्नानगृह अजून उघडलंच नव्हतं. नळ आलेले नाहीत. ते पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातून यायचे आहेत आणि त्यांचंही जहाज आफ्रिकेला वळसा घालतं आहे. उद्घाटन दोनदा पुढे ढकललं होतं. म्हणजे आमच्या टॉवेलांना उशीर झालाच नव्हता. मी पाठवलेल्या त्या सगळ्या क्षमापत्रांची बाईंनी खरोखर फक्त नोंद घेतली होती. मालक खुर्चीवर बसला. अक्काने विचारलं, "नळ बी?" मी म्हणालो, नळसुद्धा. ती स्वतःशीच तेलुगूत काहीतरी म्हणाली.

पुढे लिहिलं होतं की समोरच्या रांगांतला माल नष्ट केला, उरलेला दोनदा धुतल्यावर वास गेला आहे, धुण्याचा आणि धुरीचा भार आम्ही सोसावा. कुणाला कामावरून काढायची गरज नाही. मात्र एक अट. जो माणूस डब्यात शेवटचा डोकावतो त्याचीच सही हवी. जो आत पाहत नाही त्याची नको. ही अट मान्य असेल तर पुढची ऑर्डर सोबत जोडली आहे.

आणि अगदी शेवटी एक ओळ: तुमची गाठ आम्हाला सुटली नाही, कापावी लागली.

मला त्या ओळीचा किंचित अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. नऊ वर्षांत बाईंनी लिहिलेला तो पहिला अनावश्यक शब्दसमूह होता.

पुढचा कंटेनर मिळायला पुन्हा कित्येक आठवडे गेले. जहाजं अजून वळसाच घालत होती, अजूनही घालतात. मधे चार दिवस मिटल्यासारखं वाटतं, मग एजंटचा गोड आवाज येतो. बॅनर नव्हता. मालकाने टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, त्यात बाई पाहत होत्या. मी अक्काला कागदाची एकेक ओळ मराठीत सांगितली आणि तिने प्रत्येक ओळीला थांबवलं. माती न्हाय म्हंजे चपलीची बी न्हाय का? भुसा कशाचा? मी नऊ वर्षांत न विचारलेले प्रश्न तिने दहा मिनिटांत विचारले. मग ती विजेरी घेऊन आत चढली, कोपरे झाडले, भरणाऱ्या माणसांचे खिसे उलटे करायला लावले. एकाच्या खिशातून भाजलेल्या शेंगा निघाल्या. त्या तिने फाटकाबाहेर नेऊन टाकायला लावल्या. मग माझ्याकडे वळली.

"सर, खिसा."

मी म्हणालो, मी तर आत जाणारही नाही.

"खिसा, सर."

सुपारीचं एक खांड निघालं. तिने ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कॉपी करताना सापडलेली माझी पोरं आठवली. फोनमधल्या बाई काही बोलल्या नाहीत. बहुतेक नोंद घेतली असावी.

अक्काने आत पाहिलं, "हं" म्हणाली, दार लागलं, सील बसलं. तिने कागदावर तेलुगूत सही केली, हळू, प्रत्येक अक्षर पुरं करून. नारळ बाहेर, ट्रेलरच्या चाकासमोर फोडला, पहिल्याच फटक्यात, आणि करवंटीचा तुकडा न् तुकडा वेचून पदरात घेतला. ट्रेलर फाटकातून निघाला आणि अक्कलकोट रस्त्याला लागला.

मी तिच्या शेजारी उभा होतो. विचारायचं नव्हतं, पण विचारलंच, की ही मग रिकामीच गेली का?

"रिकामी कशी धाडीन?" ती म्हणाली. "ओटी बांधून घरी देवापुढं ठिवलीय. पोचली की सोडायची."

मी बाण, वळसा, महिने, उन्हाळा असा हिशेब मनात करायला लागलो. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"सोंडं पडलं तर माझ्याच घरात पडतील की, सर," असं म्हणून ती आत टेबलाकडे गेली.